लेखनसीमेचा प्रश्न : ‘गूगल वेव्ह’च्या उदयास्ताची चिकित्सा

१

एखादे साधन लोकांनी का नाकारले, या प्रश्नाचे उत्तर देताना सामान्यतः त्या साधनातील उणिवांची यादी पुढे ठेवली जाते. ते संथ होते, ते क्लिष्ट होते, ते अवेळी आले, अशी कारणे सांगून प्रकरण मिटविले जाते. ही कारणे खोटी असतात असे नव्हे. परंतु त्यांतून त्या साधनाच्या मुळाशी असलेल्या कल्पनेची परीक्षा होत नाही. संज्ञापनाच्या साधनांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष हानिकारक ठरते. माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे व कसे लिहावे यासाठी घडविलेल्या प्रत्येक साधनात भाषाव्यवहाराविषयीचा काही एक सिद्धान्त, तो स्पष्टपणे मांडलेला असो वा नसो, गृहीत धरलेला असतो. आणि साधनाबरोबर तो सिद्धान्तही कसाला लागत असतो.

‘गूगल वेव्ह’ हे असेच एक साधन. कार्यालयातील सहकाऱ्यांनी पत्रव्यवहार, गप्पा, टिपणे आणि दस्तऐवज या सर्व गोष्टी आंतरजालावर एकाच ठिकाणी, एकाच वेळी व एकत्र कराव्यात, यासाठी गूगल या कंपनीने ते निर्माण केले. मे २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्याची घोषणा झाली आणि ऑगस्ट २०१० मध्ये त्याचा विकास थांबविल्याचे जाहीर झाले. घोषणा आणि समाप्ती यांमध्ये सव्वा वर्षाहूनही कमी काळ गेला. या अल्पायुषी साधनाची आठवण आज बहुधा एक फसलेला प्रयोग म्हणून, काहीशा विनोदाने, काढली जाते. भाषाभ्यासकाने मात्र त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. लेखन कोठे संपते, ते कोणाचे असते आणि ते कोणास उद्देशून असते, या तीन सीमा पुसून टाकल्या तर लेखी संभाषण शक्य राहते काय, या प्रश्नाची एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालेली दुसरी चाचणी दाखविणे कठीण आहे. ‘वेव्ह’चे अपयश हे मुख्यतः या तीन सीमांच्या एकाच वेळी केलेल्या विसर्जनाचे अपयश होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. लार्स रासमुसेन आणि येन्स रासमुसेन हे मूळचे डेन्मार्कचे दोघे बंधू. सिडनी येथे त्यांनी इतर दोघांसह स्थापिलेली नकाशाविषयक लहानशी संस्था २००४ मध्ये गूगलने विकत घेतली आणि तिच्या कामातून २००५ मध्ये ‘गूगल मॅप्स’ ही सेवा उभी राहिली. नकाशांच्या या यशानंतर दोघांनी संज्ञापनाच्या प्रश्नाला हात घातला. ई-मेल ही व्यवस्था १९७० च्या दशकाच्या आरंभीची. तिचा आराखडा कागदी पत्रावरून घेतलेला. तीच व्यवस्था आजच्या संगणकाचे सामर्थ्य लक्षात घेऊन नव्याने शोधून काढली तर ती कशी दिसेल, असा त्यांचा मूळ प्रश्न होता. ई-मेल आणि तात्काळ गप्पा, किंवा संभाषण आणि दस्तऐवज, यांच्यामध्ये भिंती का असाव्यात, या सर्वांना सामावून घेणारी एकच अखंड व्यवस्था का असू नये, असा त्याचा पुढचा टप्पा होता.

घोषणेच्या वेळी झालेले सुमारे ऐंशी मिनिटांचे प्रात्यक्षिक श्रोत्यांनी अत्यंत उत्साहाने उचलून धरले. त्यातील कल्पना खरोखरच आकर्षक होत्या. ‘वेव्ह’ म्हणजे एक सामाईक पट. त्यात सहभागी असलेला कोणीही मजकूर लिहू शके. अशा प्रत्येक निवेदनास ‘ब्लिप’ असे नाव होते. लिहिणाऱ्याने कळ दाबताच ते अक्षर इतरांच्या पडद्यावर उमटे. मजकूर ‘पाठविण्या’ची स्वतंत्र क्रिया उरली नव्हती. एकाच्या ब्लिपमध्ये दुसऱ्याला दुरुस्ती करता येई, मधल्याच एखाद्या वाक्याला तेथेच उत्तर जोडता येई. नंतर सामील झालेल्या व्यक्तीस ‘प्लेबॅक’ या सोयीने सारा पट पहिल्यापासून क्रमाने उलगडून पाहता येई. संदर्भ पाहून शुद्धलेखन सुधारणारी व्यवस्था होती. लिहीत असतानाच भाषांतर करणारा एक यांत्रिक सहभागीही प्रात्यक्षिकात दाखविण्यात आला होता.

३० सप्टेंबर २००९ रोजी सुमारे एक लाख लोकांना निमंत्रणे देऊन ही सेवा मर्यादित स्वरूपात सुरू झाली. निमंत्रण मिळविण्यासाठी लोकांची धडपड चालली. १९ मे २०१० रोजी ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑगस्ट २०१० रोजी, वापरणाऱ्यांची संख्या अपेक्षेइतकी वाढली नाही असे कारण देऊन स्वतंत्र सेवा म्हणून तिचा विकास बंद झाल्याचे गूगलने सांगितले. त्या वर्षाच्या अखेरीस तिची आज्ञावली अपाचे या मुक्त स्रोत प्रतिष्ठानाच्या संवर्धन-योजनेत गेली. मूळ सेवेतील मजकूर ३१ जानेवारी २०१२ पासून केवळ वाचनापुरता राहिला आणि ३० एप्रिल २०१२ रोजी ती सेवा पूर्णतः बंद झाली. अपाचेकडील प्रकल्पही जानेवारी २०१८ मध्ये निवृत्त करण्यात आला.

३

रासमुसेन बंधूंच्या प्रश्नात जे गृहीत आहे त्याची तपासणी आता केली पाहिजे. पत्र, गप्पा आणि दस्तऐवज हे भेद तांत्रिक अडचणींतून निर्माण झालेले आहेत. अडचण दूर झाली की भेदांचे प्रयोजन संपते, असे ते गृहीत आहे. या मताप्रमाणे टपालाची पिशवी संथ होती म्हणून पत्र बंद पाकिटातून एकदम पाठवावे लागे. वेग वाढला की पाकिटाची गरज नाही.

हे गृहीत भाषाव्यवहाराच्या अभ्यासाशी जुळत नाही. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात संभाषणातील पाळीची जी मीमांसा केली तिचा गाभा असा : संभाषणात बहुतांश वेळी एका वेळी एकच जण बोलतो, दोघे एकदम बोलण्याचे प्रसंग अनेक येतात, पण ते अल्पकाळ टिकतात, आणि बोलणाऱ्याची पाळी कोठे संपू शकेल याचा अंदाज ऐकणारा सतत बांधत असतो. म्हणजे समोरासमोरच्या, सर्वस्वी क्षणजीवी बोलण्यातही सीमा असतातच, आणि बोलणारे त्या सीमा परस्परसंमतीने सांभाळतात. ‘वेव्ह’मध्ये वाचणारा लिहिणाऱ्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच पाहतो, पण श्वास, स्वराची उतरण, नजर, हाताची हालचाल यांपैकी पाळीचा शेवट सुचविणारे एकही चिन्ह त्याला मिळत नाही. बोलण्यातील अपुरेपणा त्याच्या वाट्यास येतो. त्या अपुरेपणाची तड लावणारी साधने मात्र येत नाहीत.

ही अडचण सर्व भाषांत सारखी नसते. ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते तेथे पाळीच्या स्वरूपाचा अंदाज उशिरा बांधता येतो, हे हिरोको तानाका यांनी १९९९ मधील जपानी संभाषणाच्या अभ्यासात दाखविले आहे. मराठीचेही तेच आहे. ‘समितीची ही सूचना विभागाला मान्य करता येईल असे’ येथपर्यंतचे शब्द पडद्यावर उमटले असता वाचणाऱ्याच्या मनात होकार तयार होतो. पुढचे ‘वाटत नाही’ हे दोन शब्द सारा अर्थ फिरवितात. बोलताना स्वर आधीच सावध करतो. अक्षरागणिक उमटणाऱ्या लेखनात तो सावध करणारा कोणी नसतो.

हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन यांनी १९९१ मध्ये संज्ञापनमाध्यमांची तुलना करण्यासाठी आठ लक्षणे सांगितली. त्यांतील दोन येथे महत्त्वाची आहेत. मजकूर नंतर पुन्हा पाहता येणे हे एक. आणि समोरच्याकडे जाण्यापूर्वी तो मनासारखा सुधारता येणे हे दुसरे. पत्रात ही दोन्ही लक्षणे असतात. समोरासमोरच्या बोलण्यात दोन्ही नसतात, आणि त्यामुळे तेथे न्याय राहतो : बोलण्याआधी ते खोडून सुधारता येत नाही, पण ते टिकूनही राहत नाही. ‘वेव्ह’ने पहिले लक्षण ठेवले, किंबहुना ‘प्लेबॅक’मुळे ते पराकोटीस नेले, आणि दुसरे काढून घेतले. लिहिणाऱ्याला बोलणाऱ्याइतकेच उघड्यावर यावे लागे आणि तरीही त्याची प्रत्येक चाचपणी दप्तरात कायम राही. अक्षरागणिक प्रक्षेपण बंद ठेवण्याची सोय देण्याचा विचार रचनाकारांनी बोलून दाखविला होता. पण खर्डा हा त्यांच्या रचनेत अपवाद होता, आरंभबिंदू नव्हता.

खर्डा ही गोष्ट क्षुल्लक नाही. मराठी दप्तरी परंपरेत खर्डा, मसुदा आणि मोर्तब या पायऱ्या स्पष्टपणे वेगळ्या होत्या. पत्राच्या अखेरीस उमटविलेली मोर्तबाची मुद्रा लेखनाची सीमा सांगत असे : येथे मजकूर संपला, यापुढे जोडलेले अक्षर या पत्राचे नव्हे. ही सीमा केवळ बनावटगिरी टाळण्यासाठी नसते. तिच्यामुळेच लेखनाला वचनाचे, आज्ञेचे किंवा संमतीचे बळ येते. मराठी भाषेने हा भेद आपल्या क्रियापदांतही जपला आहे. ‘लिहीत असणे’ आणि ‘लिहून देणे’ यांत केवळ काळाचे किंवा पूर्णतेचे अंतर नाही. ‘लिहून दिले’ म्हणताच लिहिणारा बांधला जातो. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी उक्ती म्हणजे कृती हा जो विचार रूढ केला, त्याचे हे घरचे उदाहरण होय. ‘वेव्ह’मध्ये अखंड ‘लिहीत असणे’ शक्य होते. ‘लिहून देणे’ हा क्षण मात्र साधनानेच पुसून टाकला होता.

४

यावर असा आक्षेप येईल की, अनेकांनी एकाच वेळी लिहिलेल्या मजकुराचा मेळ घालणे ही गोष्ट ‘वेव्ह’ने तंत्रदृष्ट्या सिद्ध करून दाखविली होती. ही सिद्धी मान्य केली पाहिजे. परंतु ती नेमकी कशाची सिद्धी होती, हेही पाहिले पाहिजे.

तिचे मूळ क्लॅरन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या, आणि पुढे १९९५ मध्ये झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातील ‘ज्युपिटर’ या प्रणालीत विकसित झालेल्या, क्रियारूपांतराच्या पद्धतीत आहे. पद्धत अशी : दोन व्यक्ती एकाच ओळीत एकाच क्षणी बदल करतात. एकीने ओळीच्या आरंभी पाच अक्षरे घातली, दुसरीने विसावे अक्षर खोडले. पहिलीच्या संगणकावर दुसरीची सूचना पोचेपर्यंत ते विसावे अक्षर पंचविसाव्या स्थानी सरकलेले असते. म्हणून सूचना अमलात आणण्यापूर्वी तिचे रूपांतर ‘पंचविसावे खोडा’ असे केले जाते. अशा रूपांतरांमुळे सर्वांच्या पडद्यांवर अखेरीस एकच मजकूर राहील, याची हमी मिळते.

ही हमी अक्षरांच्या ओळीची आहे, अर्थाची नव्हे. ‘सभा सोमवारी होईल’ या वाक्यातील ‘सोमवारी’ हा शब्द एकाने खोडून ‘मंगळवारी’ केला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने तोच खोडून ‘बुधवारी’ केला, तर सर्वांच्या पडद्यांवर ‘सभा मंगळवारीबुधवारी होईल’ असे काही तरी, पण निरपवादपणे एकच, वाक्य उमटेल. यंत्राच्या दृष्टीने एकमत झाले. सभा केव्हा, हे कोणालाच कळले नाही. व्यवहारात असा पेच माणसे पाळीने बोलून सोडवितात. ‘वेव्ह’च्या रचनेत मजकुराची एकरूपता हीच सहकार्याची एकरूपता मानली गेली, आणि पाळीची व्यवस्था लावण्याचे काम वापरणाऱ्यांच्या सौजन्यावर सोडले गेले.

५

‘वेव्ह’च्या अपयशाची जी इतर कारणे सांगितली जातात ती येथे विचारात घेतली नाहीत तर विवेचन एकांगी होईल.

पहिले कारण निमंत्रणांचे. ज्या साधनाची उपयुक्तता सहकाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून आहे ते मोजक्या लोकांना, विखुरलेल्या रीतीने, देणे ही चूक होती, असे म्हटले जाते. गूगलचीच जीमेल ही सेवाही २००४ मध्ये निमंत्रणांनीच सुरू झाली होती. पण जीमेल असलेल्याला जगातील कोणत्याही ई-मेलधारकास पत्र लिहिता येई, तर ‘वेव्ह’ असलेल्याला ‘वेव्ह’ नसलेल्याशी काहीच बोलता येत नसे. हे कारण वजनदार आहे. तथापि मे २०१० मध्ये दारे सर्वांना खुली झाल्यावरही अपेक्षित गर्दी झाली नाही, आणि निमंत्रण मिळालेले सहकारी एकत्र असतानाही पट ओस पडले, याचा उलगडा त्याने होत नाही.

दुसरे कारण क्लिष्टतेचे. साधन संथ होते, पडदा गजबजलेला होता, नवे काही घडल्याची सूचना ई-मेलने देण्याची सोयही आरंभी नव्हती. हेही खरे. परंतु क्लिष्ट साधने लोक शिकतात, जर त्यांतून काय मिळणार हे स्पष्ट असेल तर. हिशेबाचे तक्ते करणाऱ्या आज्ञावल्या काही सोप्या नाहीत. तरीही कार्यालये त्यांवरच चालतात.

तिसरे कारण जोनाथन ग्रुडिन यांच्या १९८८ मधील विवेचनातून मिळते. सामूहिक कामाची साधने अनेकदा फसतात. कारण जो जास्तीचे श्रम करतो त्याला लाभ होत नाही आणि ज्याला लाभ होतो त्याला श्रम पडत नाहीत. हे सूत्र ‘वेव्ह’ला चांगले लागू पडते, आणि या लेखातील प्रतिपादनाला ते विरोधी नाही. सीमा पुसल्यामुळे जे श्रम निर्माण झाले, म्हणजे कोणते वाक्य नवे, कोणते बदललेले, कोणाला उत्तर दिलेले, हे शोधण्याचे श्रम, ते सर्वस्वी वाचणाऱ्यावर पडले. पत्र लिहिणारा आपला मजकूर एकदा आवरून अनेकांचा वेळ वाचवितो. ‘वेव्ह’ने लिहिणाऱ्याला त्या आवराआवरीतून मुक्त केले आणि तिचा भार प्रत्येक वाचकावर स्वतंत्रपणे टाकला.

६

प्रतिपादनाची खरी कसोटी तुलनेत आहे. लेखनाच्या तीन सीमा सांगितल्या : काळाची, म्हणजे उक्ती केव्हा पुरी झाली, स्वामित्वाची, म्हणजे ती कोणाची, आणि संबोधनाची, म्हणजे ती कोणास उद्देशून. यांपैकी एखादी सीमा शिथिल केली की साधन निरुपयोगी होते, असे येथे म्हणावयाचे नाही. उलट, यशस्वी साधनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी यांतील एखादी सीमा विचारपूर्वक सैल केल्याचा इतिहास आहे.

१९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या संगणकव्यवस्थेवर ‘टॉकोमॅटिक’ ही गप्पांची सोय डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी तयार केली. तीत मजकूर अक्षरागणिकच उमटे, आणि तरी ती लोकप्रिय झाली. मात्र पडद्यावर प्रत्येक सहभागी व्यक्तीसाठी स्वतंत्र पट्टी होती. काळाची सीमा सैल केली, स्वामित्वाची कडक ठेवली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘विकी’ या प्रकारात कोणीही कोणाचाही मजकूर बदलू शके; पण बदल पुरा करून, जतन करण्याची स्वतंत्र क्रिया केल्यावरच तो इतरांना दिसे. येथे स्वामित्व सैल, काळ कडक.

सर्वांत बोलके उदाहरण गूगलच्याच ‘डॉक्स’चे. एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे ‘वेव्ह’च्या हयातीतच, ‘डॉक्स’च्या नव्या आवृत्तीत अक्षरागणिक सहलेखन आले, आणि ते कार्यालयांत व शिक्षणसंस्थांत अंगवळणी पडले. तर मग अक्षरागणिक प्रक्षेपण हे ‘वेव्ह’च्या अपयशाचे कारण कसे? याचे उत्तर असे की, ‘डॉक्स’मधील मजकूर ही कोणी कोणास उद्देशून केलेली उक्ती नसते. तो एक सामाईक खर्डा असतो आणि सर्वजण त्याला खर्डा म्हणूनच पाहतात. अपुरे वाक्य दिसले तरी कोणी त्याला उत्तर देत नाही. कारण ते कोणाला विचारलेले नसते. जेथे सहकाऱ्याशी बोलावयाचे असते तेथे समासातील टिप्पणी असते. ती टिप्पणी लिहून होईपर्यंत इतरांना दिसत नाही, ती कळ दाबून नोंदवावी लागते आणि तिच्याखाली लिहिणाऱ्याचे नाव येते. रचनाकारांनी पोथीच्या समासासारखी एक जागा राखून संभाषण आणि दस्तऐवज यांमधील जी भिंत ‘वेव्ह’ने पाडली होती तीच पुन्हा उभी केली.

दुसऱ्या बाजूस ‘स्लॅक’चे उदाहरण आहे. ‘ग्लिच’ नावाचा खेळ २०१२ मध्ये बंद केल्यावर तो घडविणाऱ्या संस्थेने आपल्या अंतर्गत वापरातील संदेशव्यवस्था विकसित केली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. ‘वेव्ह’ने जे कार्यालयीन संभाषण जिंकू पाहिले होते ते पुष्कळ अंशी या साधनाने व पुढे २०१७ मध्ये आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ने जिंकले. त्यांनी सैल केली ती तिसरी सीमा : संदेश एका व्यक्तीस न लिहिता विषयवार मार्गिकेत लिहावयाचा, म्हणजे नंतर येणाऱ्यालाही तो वाचता येईल. बाकीच्या दोन सीमा मात्र जुन्याच राहिल्या. संदेश पाठवावा लागतो. आणि दुसऱ्याचा संदेश सहकाऱ्याला बदलता येत नाही. अशा साधनांत ‘अमुक लिहीत आहे’ एवढीच सूचना दिसते. पाळी घेतली गेली आहे हे त्यातून कळते, मजकूर मात्र झाकलेला राहतो. ‘वेव्ह’ने ज्या प्रश्नाला सर्व काही उघडे करून उत्तर दिले होते त्याला दिलेले हे अधिक समंजस उत्तर होय.

‘वेव्ह’ने या तिन्ही सीमा एकदम सोडल्या. अक्षर उमटताच ते प्रकट झाले. कोणाचेही अक्षर कोणीही बदलू शकला. आणि आरंभीच्या काळात तर एकदा सामील केलेल्या व्यक्तीस पटावरून दूर करण्याचीही सोय नव्हती. ज्यांनी यांतील एखादी सीमा सोडून दुसरी राखली, किंवा दोन सोडून संबोधनाचाच त्याग केला, ती साधने टिकली, हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणणे अवघड आहे.

७

या विवेचनावरून ‘वेव्ह’ हा निव्वळ भ्रम होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्याच्या दोन गुणांची नोंद केली पाहिजे. एक म्हणजे ‘वेव्ह’ हे केवळ गूगलचे दालन राहू नये, निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या संगणकांवर ते चालवावे आणि तरीही परस्परांशी बोलावे, यासाठी खुला संकेत प्रसिद्ध करण्यात आला होता. कोणत्याही संस्थेचा ई-मेल दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे जातो, तसेच येथे अभिप्रेत होते. ‘वेव्ह’नंतर यशस्वी झालेल्या कार्यालयीन साधनांनी हा आदर्श बहुतांशी सोडून दिला, आणि एका साधनात लिहिलेला संदेश दुसऱ्या साधनात सहजासहजी जात नाही ही स्थिती लोकांनी निमूटपणे मान्य केली. ‘वेव्ह’च्या अपयशात ही हानी सर्वांत मोठी, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

दुसरा गुण ‘प्लेबॅक’चा. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हस्तलिखितांवरून जे अनुमानाने उभे करावे लागते, म्हणजे मजकूर कोणत्या क्रमाने वाढला, काय खोडले गेले, कोणी काय घातले, ते येथे आपोआप नोंदले जात होते. लेखनप्रक्रियेच्या अभ्यासाला ही सामग्री अमोल ठरली असती. पण २०१२ मध्ये सेवा बंद होताना वापरणाऱ्यांस आपले पट पीडीएफ स्वरूपात काढून घेण्याची सोय देण्यात आली; आणि अशा स्थिर पानावर अखेरचा मजकूर राहतो, त्याची घडण राहत नाही. संशोधकाने एखाद्या खाजगी सेवेला आपले दप्तर समजू नये, हा धडा भाषाविज्ञानातही विसरून चालणार नाही.

या गुणाच्या पोटातच एक नैतिक प्रश्न आहे. संशोधकाला जी सामग्री वाटते ती कार्यालयातील कनिष्ठ कर्मचाऱ्याला पहारा वाटू शकते. वरिष्ठाला उत्तर लिहिताना त्याने प्रथम कोणता शब्द योजला, तो खोडून कोणता मवाळ शब्द घातला, कोठे किती वेळ थांबला, हे सर्व वरिष्ठासमोर घडत असेल तर लिहिणे ही विचाराची क्रिया राहत नाही, ती हजेरी होते. समोरासमोर बोलताना मनातले प्रथम रूप मनातच राहते. पत्रात ते खर्ड्यात राहते. खर्डा ही माणसाच्या विचाराची खाजगी जागा आहे, आणि ती राखणे हा सौंदर्याचा किंवा सोयीचा प्रश्न नसून कामाच्या ठिकाणच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. कर्मचाऱ्यांच्या लेखनावर लक्ष ठेवणारी साधने कार्यालयांत येत असताना ‘वेव्ह’चा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचला गेला पाहिजे.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथेच, दूरवरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखविले होते. त्या प्रात्यक्षिकात दोघे सहकारी मजकुरावर एकत्र काम करीत होते, पण एकमेकांशी ते तोंडाने बोलत होते. लेखन पडद्यावर होते आणि संभाषण आवाजात. दोन्ही एकाच वेळी चालली तरी एकमेकांत मिसळली नाहीत. चार दशकांनंतर त्याच शहरात ‘वेव्ह’ने ती दोन्ही एका ओळीत ओतली. लेखन म्हणजे बोलण्याची केवळ संथ प्रतिकृती, हा समज भाषाविज्ञानाच्या अध्यापनातही अद्याप पुष्कळ प्रमाणात आढळतो. तो समज घेऊन घडविलेले साधन लोकांच्या हातात टिकले नाही, ही गोष्ट त्या समजाविरुद्धचा पुरावा म्हणून मानली पाहिजे. मराठीसारख्या क्रियापदान्त भाषेत लेखी संभाषणाची पाळी कशी ठरते, अपुऱ्या वाक्याला उत्तर केव्हा दिले जाते, आणि ‘लिहून देण्या’चा क्षण निरनिराळी साधने कसा घडवितात, याचा पद्धतशीर अभ्यास हाती घेणे हे या चिकित्सेतून निघणारे पुढील काम होय.